गाडीला केलेला हात

रविवारी सकाळी रत्नदीप फोनवर सहज म्हणाला, 'बाबा, ती गाडी विकली बरं का,' आणि प्रदीपच्या हातातला चहा बशीत सांडला. तसं बघायला गेलं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. गाडी जुनी झाली होती, सुरू करताना खोकायची, आणि अमेरिकेत बारा वर्षं काढलेल्या पोरानं एक जुनी गाडी काढून टाकली तर सोलापुरातल्या बापानं चहा सांडायचं काय कारण? मीनाबाई स्वयंपाकघरातून म्हणालीसुद्धा, 'बरं झालं. किती धूर सोडायची मेली.' पण रत्नदीपचं बोलणं संपलेलं नव्हतं. तो हसत हसत सांगत होता, 'एक गंमत झाली. नवी पांढरी गाडी घेतल्यापासून गावात एकही माणूस हात करत नाही. ते सगळे हात त्या वारलेल्या बडच्या गाडीला होते, बाबा. लोकांच्या हातांना सवय लागलेली. आता आम्ही कोण? कुणीच नाही.' प्रदीपनं विचारलं, 'मग आम्ही आलो होतो तेव्हा?' 'तेव्हापण बडचीच गाडी होती की.' पलीकडून जरा अंदाज घेत आवाज आला, 'बाबा? मला वाटलं तुम्हाला माहितीये.' प्रदीप म्हणाला, 'हां हां, माहितीये की,' आणि फोन मीनाबाईकडं दिला. मायलेकरांचं मग ज्वारीच्या पिठावर बोलणं सुरू झालं. प्रदीप गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये त्याच्या स्कूटरची जागा मोकळी होती. पंचवीस वर्षं वापरलेली चेतक त्यानं गेल्याच आठवड्यात शुक्रवार पेठेतल्या अजिनाथ दूधवाल्याला देऊन टाकली होती. फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला होता.

ती विकली होती तीही ऑर्डेलला जायचं म्हणूनच. नेब्रास्का नावाच्या राज्यात ऑर्डेल नावाचं गाव आहे, हे जुळे सोलापूर या उपनगरातल्या त्यांच्या सोसायटीत आता लहान पोरांनाही माहीत होतं, कारण गेली दोन वर्षं प्रदीप दुसरं काही बोलतच नव्हता. गाव म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी माणसं आणि अख्ख्या माढा तालुक्याएवढी मोकळी जमीन. मधोमध एक रस्ता. त्याच्या एका टोकाला धान्याचं उंच पांढरं कोठार, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, टाकीवर गावाचं नाव. दोन चर्च, एक बँक, एक पोस्ट, एक हॉटेल, तेही दुपारी बंद होणारं. बाकीच्या दुकानांच्या काचांना आतून तपकिरी कागद चिकटवलेले. शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली होती आणि तिच्या मैदानावरचा गुणफलक मात्र शेवटच्या सामन्याचे आकडे दाखवत तसाच उभा होता. रोज बाराच्या ठोक्याला भोंगा वाजायचा. पहिल्या दिवशी तो ऐकला आणि प्रदीपचे डोळेच भरून आले, कारण लहानपणी मिलचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, वडील आता येतील म्हणून. सोलापुरातले भोंगे कधीच गप्प झाले होते. इतक्या लांब येऊन तो परत ऐकायला मिळेल असं कुणाला वाटलं असतं? गावात चांगलं चाललेलं असं एकच होतं, म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम. रत्नदीप तिथं फिजिओथेरपिस्ट. गावची तरणी पोरं शहरांत पांगलेली आणि त्यांच्या आईबापांना दोन पावलं चालायला शिकवणार कोण, तर सोलापूरचा पोरगा. आणि त्या पोराचे आईबाप इकडं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडली की जिन्यात बसून दम खाणार. देवाणघेवाण म्हणायची ती अशी.

रत्नदीप त्या गावात आला तेव्हा त्यानं बड नावाच्या माणसाच्या बायकोकडून ती गाडी घेतली होती. शेवाळी हिरवा रंग, दारावर पांढरा पट्टा, मागं उघडा हौदा. बड नुकताच वारला होता. तो गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख होता, तेही बिनपगारी. प्रदीपला हे सगळं माहीत होतं, रत्नदीपनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माणसाला गोष्ट माहीत असते आणि तरी तिचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरत नाही, असं होतं की नाही? विमानतळावरून गावात शिरताना एक म्हातारा आपल्या अंगणात गवत कापत होता. त्यानं हात वर केला. प्रदीप रत्नदीपला म्हणाला, 'अरे थांब, त्याला यायचंय कुठंतरी.' आपल्याकडं रस्त्यावरचा माणूस गाडीला हात करतो तो थांबवायलाच. रत्नदीप हसून हसून बेजार. 'बाबा, इथं असाच करतात हात. नुसता.' नुसता! त्या शब्दानं प्रदीप आत कुठंतरी हलला. पुढं रोज बघितलं. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगच्या चाकावरचा हात न काढता एक बोट वर करायचा. ट्रॅक्टरवरचा टोपीला बोट लावायचा. पोस्टातली बाई खिडकीतून पंजा हलवायची. सकाळी रत्नदीपबरोबर नर्सिंग होमपर्यंत जाऊन यायचं तर दहाबारा हात व्हायचे आणि प्रत्येकाला प्रदीप पूर्ण हात खांद्यापासून उचलून उत्तर द्यायचा. मनाली, त्याची सून, म्हणायची, 'बाबा, इतका नको, ट्रॅफिक पोलिसासारखं दिसतं.' पण तो ऐकतोय कशाला?

हात वाचायची विद्या प्रदीपच्या घरात तीन पिढ्यांची होती. आजा माढ्याकडच्या गावात वाड्यासमोरून जाताना कमरेत वाकून जोहार घालायचा आणि समोरून उत्तर येत नसे, येणारही नसे, जोहार भिंतीला घातल्यासारखा तिथंच पडायचा. वडील तुळशीराम गाव सोडून सोलापुरात मिलमध्ये आले, दीक्षा घेतली, आणि शुक्रवार पेठेच्या मागच्या वस्तीत एका खोलीत त्यांनी पोरांना पहिली गोष्ट शिकवली ती हीच. 'जय भीम म्हनायचं ते मान वर करून. हात वर गेला पायजे. आन समोरच्यानं आधी म्हनायची वाट बघायची न्हाय, आपुन आधी म्हनायचं.' प्रदीप शिकला, पाटबंधारे खात्यात कारकून झाला, साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना कुणाला किती वाकायचं आणि कुणाचा हात आपल्याला बघून टेबलाखाली जातो हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. हळदीकुंकवाची आमंत्रणं दारापर्यंत येऊन शेजारच्या घरात कशी वळतात हे मीनाबाईला माहीत होतं. म्हणून ऑर्डेलचा तो हात. न विचारता केलेला. नाव नाही, आडनाव नाही, गाव कुठलं, घराणं कुठलं, काही नाही. दिसला माणूस की कर हात. सोसायटीच्या गच्चीवर गप्पा रंगल्या की तो सगळ्यांना सांगायचा, 'गाव करील ते राव करील काय? तिथं जाऊन बघा. गाव म्हणजे काय असतं ते मला तिथं कळालं.' हे सांगताना त्याचा आवाज कापायचा आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय तरी अमेरिकेचं कौतुक.

मीनाबाईला ते गाव कधी आवडलं नाही. ती तिथं सहा महिने खिडकीशी बसून होती. 'इतके हात करतात, पण एकानं तरी घरात बोलावलं का हो? पोरगं इतकी वर्षं राहतंय, कुणाच्या स्वयंपाकघराचा रंग कोणता, मनालीला ठाऊक नाही.' प्रदीप चिडायचा. म्हणायचा, चर्चच्या जेवणाला नाही बोलावलं? तिथं सगळं गाव आपापल्या घरून एकेक पदार्थ घेऊन आलं होतं, लांब टेबलावर भांडी मांडलेली, प्रत्येक भांड्याच्या बुडाला घरवालीच्या नावाची पट्टी. मीनाबाईनं शेंगाची चटणी आणि पोळ्या केल्या होत्या. लोकांनी चमच्याच्या टोकावर चटणी घेतली, डोळे मोठे केले, छान छान म्हणाले. परत येताना चटणीचा डबा होता तसा भरलेला आला. प्रदीप म्हणाला, 'तिखट लागते त्यांना.' मीनाबाई म्हणाली, 'व्हय की. पोळ्या पण तिखट लागल्या असतील.' आणि मग ती मक्याची गोष्ट. एकदा पोस्टातून बाहेर येऊन बघतात तर गाडीच्या हौद्यात कुणीतरी गोड मक्याची कणसं भरून पेटी ठेवून गेलेलं. ना नाव, ना निरोप. प्रदीप त्या पेटीजवळ उभाच राहिला. आपल्या आज्याला खळ्यावर सुगीत ओंजळभर जोंधळ्यासाठी दिवसभर ताटकळत बसायला लागायचं आणि इथं कुणी न मागता कणसं ठेवून जातं. ती कणसं त्यानं नुसती भाजून, मीठ लिंबू लावून, रोज एक अशी पुरवून खाल्ली. आता गॅलरीच्या कठड्याला धरून उभं असताना त्याला आठवलं की रत्नदीपनं तेव्हा पेटी उचलताना म्हटलं होतं, 'बडच्या हौद्यात लोक ठेवायचे, तो चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन द्यायचा वाटतं हे.' ते वाक्य त्यानं तेव्हा ऐकलं होतं. अगदी स्पष्ट ऐकलं होतं. मग ते गेलं कुठं होतं इतके दिवस?

आणि ती मिरवणूक. तिचा विचार मनात येऊ नये म्हणून तो मघापासून मक्यावर थांबला होता. चार जुलैला त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी गावातून मिरवणूक निघते. गाव केवढं, मिरवणूक केवढी, पण निघते. ट्रॅक्टर, बंब, घोड्यावरच्या पोरी, शाळेचा बँड, तोही दोन गावांचा मिळून. आदल्या दिवशी कुणीतरी रत्नदीपला विचारायला आलं, गाडी आणाल का, दरवर्षी तीच पुढं असते. रत्नदीपनं गाडी धुतली आणि हौद्यात एक घरातली खुर्ची ठेवून प्रदीपला म्हणाला, 'बसा बाबा, मजा येईल.' प्रदीप पांढरा शर्ट घालून बसला. मागं झेंडा. गाडी चालत्या पावलानं निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं गाव उठून उभं राहिलं. बसलेलं गाव. उभं राहिलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या. एक बाई रडत होती, तिनं ओठांवर बोटं ठेवून ती गाडीकडं हलवली. प्रदीपनं हात वर केला तो कोठारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत खाली घेतला नाही. त्याला वडील दिसत होते. वाड्यासमोर भुईकडं वाकलेला आज्याचा माथा दिसत होता. म्हणाला, बघा, बघा तुळशीराम, तुमच्या पोराला बघून गाव उभं राहिलंय. मनालीनं केलेला तो व्हिडिओ त्यानं आल्यावर ऑफिसातल्या जुन्या लोकांना, सोसायटीला, माढ्याच्या भावकीला, सगळ्यांना पाठवला होता. कितीतरी जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मेलेल्या माणसाच्या गाडीत खुर्ची टाकून बसलेला आणि गावाचं दुःख आपल्या अंगावर घेत हात हलवणारा कुणी एक अनोळखी म्हातारा, असा तो व्हिडिओ आता त्याला दिसायला लागला. त्याला शरम वाटली. गावाला काय वाटलं असेल? कदाचित काहीच नाही. कदाचित तो त्यांना दिसलाही नसेल.

एकदा डोकं त्या वाटेनं चालायला लागलं की थांबत नाही. तो पायी जायचा तेव्हा? पायी तो रोज जायचा की, पोस्टापर्यंत. तिथं पायी कुणी चालत नाही, त्यामुळं रस्त्यावर तो एकटाच. पायी जाताना किती हात झाले होते? त्यानं आठवायचा प्रयत्न केला. गाड्या हळू व्हायच्या, ते खरं. आतली माणसं वळून बघायची. एकदा तीच पोस्टातली बाई, आदल्या दिवशी पंजा हलवणारी, समोरून आली. प्रदीपनं हात वर केला. ती पुढं बघत निघून गेली. तेव्हा त्यानं स्वतःला सांगितलं होतं, तिच्या डोळ्यांवर ऊन आलं असणार. ऊन तिच्या पाठीमागं होतं. इतकं साधं होतं सगळं, समोर मांडून ठेवलेलं, आणि हात वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते वाचता आलं नव्हतं. का तर वाचायचं नव्हतं.

'अहो, रत्नदीप विचारतोय, मुंबईच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली का,' मीनाबाई दारात येऊन म्हणाली. कायमचं जायचं ठरलं होतं ते प्रदीपच्या हट्टानं. मीनाबाई म्हणत होती, दुरून डोंगर साजरे, इथं निदान कामवाली शरणम्मा तरी रोज येऊन दोन शब्द बोलते. प्रदीपनं ऐकलं नव्हतं. आता तो म्हणाला, 'नाही आली.' मग म्हणाला, 'मीना, त्या मिरवणुकीत मी कसा दिसत होतो?' तिनं त्याच्याकडं बघितलं. फोन कानाशी धरलेलाच होता. ती म्हणाली, 'आनंदात दिसत होता.' आणि आत गेली. म्हणजे तिला माहीत होतं. तिलाही, रत्नदीपलाही, मनालीलाही. सगळ्या घरानं मिळून त्याचा आनंद सांभाळला होता, आजाऱ्याला सांभाळतात तसा.

दहा वाजता सिद्धलिंगनं दार वाजवलं. सिद्धलिंग सोसायटीचा सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, मोठ्या आवाजाचा आणि तसा दिलाचा माणूस. दर रविवारी दोघं प्रदीपच्या स्कूटरवर शुक्रवार पेठेत जायचे, चटणी, डाळी, मसाले आणायला. जुळे सोलापुरात सगळं मिळतं पण पेठेतल्यासारखं नाही, यावर दोघांचं एकमत. 'काय माढेकरसाहेब, स्कूटर विकून बसला, आता रिक्षाच की,' सिद्धलिंग म्हणाला. माढेकर हे आडनाव प्रदीपनं नोकरीला लागताना घेतलं होतं. फ्लॅट घेतला तेव्हा सिद्धलिंगनं विचारलं होतं, 'माढेकर म्हणजे तिकडचेच? मोठी घराणी आहेत तिकडं.' प्रदीप म्हणाला होता, 'हो, माढ्याकडचेच.' त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं सिद्धलिंगनं आपल्या मनानं लिहून घेतलं आणि प्रदीपनं ते खोडलं नाही. घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण ती आता कुणाच्याही घरात असते. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत. इतकंच. रिक्षात बसल्यावर सिद्धलिंग पालिकेच्या पाण्याविषयी बोलत राहिला आणि प्रदीप रस्त्यावरच्या माणसांचे हात बघत राहिला. कुणी हात केला तर तो रिक्षा थांबवायला.

पेठेत शिरताना त्याला आठवलं, आज भीमाकाका दिसतील. वस्तीच्या तोंडाशी विहार आहे, विहाराच्या कट्ट्याला लागून लिंबाखाली एक लोखंडी खुर्ची, आणि तिच्यात भीमाकाका. वडिलांबरोबर मिलमध्ये एकाच खात्यात होते. वडील गेले तेव्हा प्रदीपला पोटाशी धरून उभे राहिलेले तेच. दर रविवारी चेतक वळणावर आली की म्हाताऱ्याचा हात वर जायचा, खांद्यापासून, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी हाक यायची, 'जय भीम, परदीप!' मागं सिद्धलिंग बसलेला असायचा. प्रदीप हनुवटी जराशी खाली घेऊन वर उचलायचा. इतकीच, की समोरच्याला दिसावी आणि मागच्याला दिसू नये. सिद्धलिंगनं एकदा विचारलं होतं, 'कुणाला हाक मारतो हो म्हातारा?' प्रदीपनं गिअर बदलला होता. त्याला वाटायचं, काका समजून घेतात. मान हलली की झालं. आता रिक्षात बसून त्याला पहिल्यांदा जाणवलं की परक्या गावात ज्यानं खांद्यापासून हात उचलले त्यानं आपल्या गल्लीत हनुवटीवर भागवलं होतं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की तो एक हात तरी खरा आहे. नाव घेऊन केलेला. बाकी सगळे जाऊ देत, हा आपला आहे. त्याला एकदम भेटायची घाई झाली, तहान लागल्यासारखी.

रिक्षा विहाराच्या अलीकडंच सोडली. सिद्धलिंग चटणीच्या दुकानात शिरला, तिथं नेहमीसारखी गर्दी. प्रदीप म्हणाला, 'तुम्ही घ्या, मी आलोच,' आणि लिंबाच्या दिशेनं चालू लागला. भीमाकाका खुर्चीतच होते. स्वच्छ धुतलेला सदरा, मांडीवर काठी. तोंड रस्त्याकडं. प्रदीप जवळ येत गेला तरी हात वर गेला नाही. त्यानं सवयीनं हनुवटी हलवली. म्हातारा त्याच्याकडं बघत होता आणि बघत नव्हता. रागावले का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा? तो आणखी जवळ गेला. मग त्यानं हाताचं एक बोट वर केलं, तिकडच्यासारखं, का ते त्यालाही कळलं नाही. काहीच झालं नाही. कट्ट्यावर एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती, ती उठून आली. 'काही पाहिजे का काका? त्यांना दिसत नाही. अडीच वर्षं झाली, दोन्ही डोळे गेलेत.' प्रदीपनं तिच्याकडं बघितलं. भीमाकाकांची नात संघप्रिया असणार, त्यानं तिला परकर पोलक्यात बघितलं होतं. तिनं त्याला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तो या गल्लीत थांबलाच कधी होता? 'पण ते हाक मारतात,' तो कसंबसं म्हणाला. 'हां, ते आवाजावर. त्यांचा कुणी प्रदीप आहे, मित्राचा मुलगा. रविवारी जुन्या स्कूटरवर जातो इथून. तिचा आवाज आला की आजोबा हाक मारतात. मी पाठीमागून बघते, तो कधी बोलत नाही बरं का. मी म्हणते, आजोबा, सोडा ना. तर म्हणतात, कामात असतोय पोरगा.' ती हसली. 'बसा तुम्ही, पाणी आणते,' म्हणून आत गेली.

प्रदीप उभाच राहिला. अडीच वर्षं. म्हणजे ऑर्डेलहून आल्यापासूनच्या सगळ्या रविवारी त्यानं हलवलेली हनुवटी अंधारात गेली होती. म्हातारा दर आठवड्याला हाक मारत होता, तिकडून काही येत नव्हतं, आणि तरी पुढच्या रविवारी परत मारत होता. आज्याचा जोहार भिंतीला जायचा तसा. फक्त भिंत आता प्रदीप होता. हे त्याला स्पष्ट कळलं. बोलायला पाहिजे होतं. दोन शब्द. पाठीमागं चटणीच्या दुकानाच्या पायरीवर सिद्धलिंग पिशवी घेऊन उभा होता आणि त्याला शोधत होता.

तेवढ्यात वळणावर आवाज आला. फुटक्या सायलेन्सरचा, दर तिसऱ्या ठोक्याला अडखळणारा. पंचवीस वर्षं अंगात मुरलेला तो आवाज प्रदीपनं बघायच्या आधीच ओळखला. त्याचीच चेतक. पुढचं मडगार्ड डाव्या बाजूला चेपलेलं, दोन्हीकडं दुधाच्या किटल्या, आणि वर अजिनाथ. म्हाताऱ्याची मान ताठ झाली. चेहरा उजळला. हात खांद्यापासून वर गेला, पूर्ण, टोकापर्यंत, आणि सगळ्या पेठेला ऐकू गेली ती हाक.

'जय भीम, परदीप!'

अजिनाथनं वळूनही बघितलं नाही. किटल्या खडखडत गेल्या. म्हाताऱ्याचा हात जरा वेळ वरच राहिला, मग सावकाश काठीवर आला. 'गेला,' तो स्वतःशीच म्हणाला. 'लई काम असतंय पोराला.'

प्रदीप त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला बड दिसला. कधी न पाहिलेला बड, आपल्याच गाडीमागं रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्याला केलेले हात बघणारा. सिद्धलिंगनं त्याला बघितलं होतं, तो 'ओ माढेकर' करत जवळ येत होता. प्रदीपनं त्याच्याकडं बघितलं नाही. वडिलांनी शिकवलं होतं तशी मान वर केली, हात वर केला, खांद्यापासून, आणि मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की सिद्धलिंग जागीच थांबला, म्हणाला, 'जय भीम, काका. मी प्रदीप. तुळशीरामाचा प्रदीप.'

म्हातारा आवाजाच्या दिशेनं वळला. त्यानं कान दिला. मग हसला, परक्या माणसाशी हसतात तसं, अदबीनं.

'जय भीम, जय भीम. पर चेष्टा करू नगा वो म्हाताऱ्याची. आमचा परदीप आत्ताच गेला की गाडीवर.'

'काका, मीच प्रदीप. गाडी विकली मी. ती...'

'न्हाय वो,' भीमाकाका समजुतीच्या सुरात म्हणाले आणि चाचपडत त्याचा हात शोधून थोपटला. 'तुमी दुसरं कुनी असाल. परदीप बोलत न्हाय कदी.'